कपाळावरची पट्टी आणि पंख्याचं बटण

प्रश्न : डॉक्टरताई, माझं वय ४९. साताऱ्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. पाळी जाऊन १४ महिने झाले. फळ्याकडे तोंड करून उभी असते आणि एकाएकी छातीतून वर जाळ चढतो, मानेवरून घाम ओघळतो, ब्लाउज भिजतो. पोरं बघत असतात. रात्रीही दोन-तीनदा तसंच होऊन जाग येते. मी पंखा लावते, हे उठून बंद करतात. डिसेंबरात तर रोज त्यावरून वाद. चिडचिड होते. परवा पेपर तपासताना माझ्याच बेरजा चुकल्या. पुण्याला असलेल्या मुलाने कपाळावर बांधायची, मेंदूला हलकी वीज देणारी पट्टी शोधून काढलीय. ‘मागवू का?’ म्हणतो. सासूबाई म्हणतात, ‘आता शॉक घ्यायची वेळ आली का?’ काय करू?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, आधी सासूबाईंची भीती घालवू. मनोविकारतज्ज्ञ देतात तो शॉक भूल देऊन देतात, त्यातला प्रवाह ८०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो आणि मेंदूत मुद्दाम झटका आणलेला असतो. तुमच्या मुलाने शोधलेल्या प्रकारच्या पट्टीत असतो १ ते २ मिलिअँपिअर. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून २०-३० मिनिटं बसायचं. झटका नाही, भूल नाही. मुंग्या येतात, खाजतं, कातडी लाल होते, कधी डोकं दुखतं. स्पंज सुकला तर मात्र कातडी भाजूही शकते.

तेव्हा प्रश्न भीतीचा नाही, पट्टी तुमच्या त्रासापर्यंत पोचते का, हा आहे.

तुमचा जाळ उठतो तो हायपोथॅलॅमसमधून, म्हणजे मेंदूच्या तळाशी, अगदी आत. शरीराचं तापमान सांभाळणारी जागा ती. इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन कमी झालं की तिथल्या काही पेशी बेफाम होतात. अंग जरासं तापलं तरी ‘फार उकडतंय’ असा हुकूम सुटतो, कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम फुटतो. पट्टीची वीज मात्र बरीचशी डोक्याच्या कातडीतूनच निघून जाते. उरलेली पोचते ती प्रामुख्याने मेंदूच्या पुढच्या, वरच्या भागापर्यंत. ओसरीवर पाणी शिंपडून माजघरातली चूल विझत नाही.

ही वीज जास्त तपासली गेली ती नैराश्यासाठी, आणि तिथेही निकाल एका सुरात नाहीत. २०१७ साली ब्राझीलमधल्या चाचणीत ती खोट्या उपचारापेक्षा सरस ठरली, पण एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीच्या तोडीची आहे हे सिद्ध झालं नाही. २०२३ साली जर्मनीत गोळ्यांच्या जोडीला दिली, तेव्हा खोट्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. २०२४ सालच्या ब्रिटन-अमेरिकेतल्या चाचणीत रुग्णांनी घरीच वापरली, तेव्हा दिसला. खोटा उपचार म्हणजे पट्टी बांधायची, सुरुवातीला मुंग्या येऊ द्यायच्या आणि गुपचूप वीज बंद करायची. हॉट फ्लशच्या, म्हणजे तुमच्या या जाळाच्या, चाचण्यांतही नुसत्या खोट्या गोळीने पुष्कळ बायकांचे फ्लश कमी होतात. म्हणून ‘अमकीला गुण आला’ यावर मी भुलत नाही. स्वतः भुलले होते, ती गोष्ट वेगळी. माझी पाळी जात होती तेव्हा एका सकाळी सिझेरियन करताना सिस्टरने चारदा गॉजने माझं कपाळ टिपलं. संध्याकाळी मी थंडावा देणारी महागडी उशी घेऊन घरी आले. महिन्याभरात ती मांजराची झाली.

आता कामाचं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर तपासून घ्या, रक्तदाब मोजा. थायरॉइड वाढला तरी घाम, धडधड, चिडचिड अशीच होते. मग स्त्रीरोगतज्ज्ञांशी हॉर्मोनच्या गोळ्यांबद्दल मोकळेपणी बोला. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने या गोळ्यांच्या धोक्यांबद्दल जगभर घबराट पसरवली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. तुम्ही ४९च्या. साठीच्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत, स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार असं काही नसेल तर जाळावर याहून गुणकारी दुसरं काही नाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागतं. हॉर्मोन चालत नसतील तर कमी मात्रेतलं पॅरॉक्सेटिन आहे, रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन आहे, समुपदेशकाकडून शिकायची वर्तनोपचाराची पद्धत आहे. २०२३ साली उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने हॉर्मोनविरहित उपचार पारखले. शिफारशींत ही तिन्ही होती, विजेची पट्टी नव्हती.

बेरजांचं मनाला लावून घेऊ नका. रात्री तीनदा उठणाऱ्या कुणाच्याही चुकतील. पण दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. विजेचा विषय तिथे काढा. फिट्स येत असतील, डोक्यात धातू किंवा छातीत पेसमेकर असेल, तर घरी स्वतःहून मुळीच नको.

मुलाला सांगा, पट्टी राहू दे, एक छोटा टेबल फॅन पाठव. तो तुमच्या उशाशी. यजमानांना एक जाड दुलई. भिंतीवरच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही.