जेसनमधील माहिती थेट एंटिटीत भरावी का?

प्रश्न : आमच्या जावा प्रणालीकडे बाहेरून जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती लिहिण्याचे मजकुरी स्वरूप) स्वरूपात ऑर्डर येते. तिच्यात ग्राहकाचा क्रमांक आणि मागवलेल्या वस्तूंची यादी असते. जॅक्सन या जेसन वाचणाऱ्या लायब्ररीच्या ऑब्जेक्टमॅपरने मी ती थेट जेपीएच्या (जावातून डेटाबेस हाताळण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) एंटिटीत, म्हणजे टेबलातील नोंदीचे रूप असलेल्या क्लासमध्ये, वाचतो आणि जतन करतो. दोन्ही टेबलांत नोंदी होतात, पण वस्तूंच्या टेबलातील ऑर्डर आयडीचा कॉलम रिकामा राहतो, आणि एररही येत नाही. चूक कुठे होत असावी?

उत्तर : आपल्या वर्णनावरून ऑर्डरच्या क्लासमध्ये वस्तूंच्या यादीवर 'मॅप्डबाय' (नाते समोरच्या क्लासमधील फील्डाने सांभाळायचे, अशी खूण) लिहिलेले असणार. तसे लिहिले की फॉरेन कीचे, म्हणजे वस्तूच्या नोंदीतील ऑर्डर आयडीचे, मूल्य ठरवण्याचा अधिकार यादीकडे राहत नाही. तो प्रत्येक वस्तूमधील 'ऑर्डर' या फील्डकडे जातो. जेसनमध्ये वस्तू ऑर्डरच्या पोटात लिहिलेल्या असतात, त्यामुळे आपली ऑर्डर कोणती हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. जॅक्सन यादी भरतो, पण वस्तूमधील ते फील्ड नल (रिकामे) राहते, आणि हायबरनेट (जेपीए राबवणारी लायब्ररी) तेच नल इमानाने कॉलमात लिहितो. कॅस्केड (ऑर्डरसोबत तिच्या वस्तूही जतन करण्याची सूचना) लावलेले असल्यामुळे नोंदी होतात. नाते मात्र जुळत नाही. तो कॉलम 'नॉट नल' (रिकामा चालणार नाही असा) ठेवला असता तर हा दोष पहिल्याच चाचणीत उघड झाला असता, म्हणून ते बंधन आजच घालावे.

दुरुस्ती सोपी आहे. ऑर्डरच्या क्लासमध्ये 'अ‍ॅडआयटेम' अशी एक मेथड लिहावी. तिने वस्तू यादीत टाकावी आणि त्याच वेळी वस्तूचे 'ऑर्डर' फील्ड 'धिस'ने, म्हणजे त्याच ऑर्डरने, भरावे. यादीवर 'जेसनमॅनेज्डरेफरन्स' आणि वस्तूतील फील्डवर 'जेसनबॅकरेफरन्स' या जॅक्सनच्या खुणा लिहिल्या तर जॅक्सन स्वतःच हा दुवा भरतो, हेही खरे आहे. तरीही मी तो मार्ग सुचवणार नाही, कारण मूळ दुखणे जेसन थेट एंटिटीत वाचण्याचे आहे आणि ते त्याने जात नाही.

समजा, उद्या कोणी जेसनमध्ये जुन्या ऑर्डरचा आयडी घातला आणि फक्त पत्ता पाठवला. आयडी भरलेला दिसल्यावर स्प्रिंग डेटा या डेटाबेस हाताळणाऱ्या लायब्ररीची 'सेव्ह' मेथड, व्हर्जनचे (नोंदीची आवृत्ती सांगणारे) फील्ड नसेल तर, ती नोंद नवी न मानता 'मर्ज' करते, म्हणजे जुन्या नोंदीवर चढवते, आणि मर्ज करताना एंटिटीतील सर्व फील्डांची मूल्ये उचलली जातात. जी फील्डे पाठवलीच नव्हती त्यांच्या जागी नल बसते आणि टेबलातील चांगली माहिती पुसली जाते. याच वाटेने 'पैसे भरले' यासारखे फील्डही बाहेरचा माणूस स्वतः भरू शकतो, आणि ही बाब मला अधिक गंभीर वाटते.

म्हणून मध्ये एक साधा डीटीओ (फक्त माहिती वाहून नेणारा क्लास) ठेवावा. जावा 16 पासून भाषेत कायम झालेले रेकॉर्ड त्यासाठी उत्तम आहेत. बाहेरून जेवढे स्वीकारायचे तेवढीच फील्डे त्यात असावीत. रकमेचे फील्ड 'बिगडेसिमल' (अचूक दशांश संख्या) ठेवावे, 'डबल' (अंदाजे दशांश संख्या) नव्हे. नवी ऑर्डर असेल तर डीटीओवरून नवी एंटिटी बांधावी. बदल करायचा असेल तर आधी डेटाबेसमधून एंटिटी आणावी, ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही अशा व्यवहाराच्या) आत हवी तेवढीच फील्डे बदलावीत. बदल ओळखून अपडेट करण्याचे काम हायबरनेट स्वतः करतो. मात्र जेसनमध्ये एखादी की नसणे आणि तिचे मूल्य नल असणे या दोन्ही गोष्टी साध्या डीटीओत सारख्याच दिसतात. हा भेद आपल्याला हवा असेल, तर आलेले जेसन आधी 'जेसननोड'मध्ये (जेसन जसेच्या तसे धरणाऱ्या जॅक्सनच्या क्लासमध्ये) वाचून ती की आहे का, हे 'हॅज' मेथडने तपासावे लागेल.

ही जुळवणी हाताने लिहिणे कंटाळवाणे वाटले तर मॅपस्ट्रक्ट हे साधन कंपाइल करतानाच तो कोड तयार करून देते, पण वस्तू आणि ऑर्डर यांचे नाते तरीही 'अ‍ॅडआयटेम'मधूनच जुळेल याची खात्री करून घ्यावी.