उखळातली चटणी आणि विरी गेलेले पीठ

मागील अंकात आम्ही सोलापूर आणि परिसरातील जुन्या, घरगुती पदार्थांविषयीच्या अडचणी कळवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे : साहित्य तेच आणले, पण चव ती आली नाही. हे पदार्थ पाच-सहा जिनसांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे साहित्यात फारसे काही हरवण्याजोगे नसते. हरवते ती कृतीतील एखादी पायरी, आणि आजी ती सांगत नसे, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असे तिला कधी वाटलेच नाही. निवडक पत्रांना पुढे उत्तरे देत आहे.

मी मूळची सोलापूरची असून लग्नानंतर पुण्यात आले. शेंगाची चटणी मिक्सरवर केली की एक तर कोरडे कूट होते, नाही तर तेलकट गोळा होतो. माहेरहून येणारी चटणी खडबडीत असते, तरी बोटाने दाबली की तेल सुटते. मी वरून तेल घालावे काय?

वरून तेल मुळीच घालू नये. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असतेच. प्रश्न ते बाहेर कसे काढायचे एवढाच आहे. मुसळाच्या घावाने दाणा चिरडला जातो, त्यातून तेल हळूहळू पाझरते आणि तिखट, मीठ व लसूण त्या तेलात मुरत जातात, मात्र दाण्याचे लहानमोठे कण शिल्लक राहतात. मिक्सरचे पाते दाणा चिरडत नाही, कापते, आणि तेही इतक्या वेगाने की कोरडे कूट आणि तेलकट गोळा यांच्या मधली जी अवस्था आपल्याला हवी असते ती डोळ्यांदेखत निघून जाते. त्यात भांडे तापले तर लसणाचा वासही बदलतो.

अर्धा किलो शेंगदाण्यांना २५ ते ३० लसूण पाकळ्या, चार चहाचे चमचे लाल तिखट, एक चमचा जिरे आणि अडीच चमचे मीठ हे प्रमाण धरावे. तिखट किती जहाल आहे त्यावर एखादा चमचा इकडेतिकडे होईल. शेंगदाणे जाड बुडाच्या लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत, आतून बदामी होईपर्यंत भाजावेत. घाईने मोठ्या आचेवर भाजलेला दाणा वरून डागाळतो आणि आत कच्चा राहतो, आणि कच्चा दाणा कितीही कुटला तरी मनासारखे तेल सोडत नाही. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावर चोळून, पाखडून साले काढावीत. थोडी राहिली तरी बिघडत नाही. लसूण धुतला असेल तर तो कोरडा करून मगच वापरावा, कारण चटणी खराब होते ती बहुधा पाण्याच्या अंशाने.

आपल्याकडे उखळ नसणार हे गृहीत धरतो. मिक्सरमध्ये एका वेळी दोन वाट्यांहून अधिक दाणे घालू नयेत. दोन-दोन सेकंद फिरवून थांबावे, भांडे हलवून घ्यावे, आणि दाणे जेमतेम अर्धे मोडले की काढून घ्यावेत. लसूण, जिरे, मीठ व तिखट खलबत्त्यात आधी एकजीव कुटावे, मग त्यात हे मोडलेले दाणे मूठमूठभर घालून कुटत जावे. घरात पाटा-वरवंटा असेल तर वरवंट्याने वाटण्याऐवजी नुसते दाबून रगडले तरी चालते. दहा-बारा मिनिटांत चटणीचा रंग गडद होतो आणि ती बत्त्याला चिकटू लागते. तिथे थांबावे. कोरड्या चमच्याने काढली तर काचेच्या बरणीत ती महिनाभर उत्तम राहते. यात खोबरे किंवा साखर घालण्याची सूचना हल्ली कानावर येते. तसे केल्यास जे होते तेही चवदार असेल, पण त्याला सोलापुरी शेंगाची चटणी म्हणू नये, एवढेच माझे मागणे आहे.

ही चटणी यादवकाळापासून चालत आली आहे, असे आमचे एक स्नेही ठामपणे सांगतात. ते खरे आहे काय? (टिळक चौकातून एका वाचकाची पृच्छा)

नाही. भुईमूग आणि मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर, ती आपल्याकडे रुजली. यादवांच्या ताटात ज्वारी असू शकते, हुलगे म्हणजे कुळीथ असू शकतात. शेंगदाणा व लाल तिखट असू शकत नाही. आपल्या स्नेह्यांना चटणी मात्र जरूर द्यावी.

जुळे सोलापुरात राहते. पाकिटातील ज्वारीचे पीठ वापरते. भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर टाकताना तुटते आणि फुगत तर नाहीच. सासूबाई म्हणतात, पिठाची विरी गेली. विरी म्हणजे नेमके काय?

सासूबाईंचे निदान अचूक आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की जो ताणला जाणारा चिवटपणा येतो, तो ज्वारीत मुळातच नसतो. ज्वारीचे पीठ धरून ठेवते ते त्यातील पिष्ट, आणि ताज्या पिठाला असलेला हा धरून ठेवण्याचा गुण म्हणजे विरी. दळून फार दिवस झाले की ती कमी होत जाते. शिवाय पिठातील स्निग्धांश खवट होऊन भाकरी कडसर लागते. पाकिटावरील तारीख पाहिलीत तर दळण्यापासून आपल्या परातीपर्यंत किती आठवडे लोटले ते कळेल.

आमच्या आत्याबाई गिरणीतून डबा आला की झाकण उघडून आधी चिमूटभर पीठ तळहातावर घेत, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून बोराएवढी गोळी वळत आणि अंगठ्याने ती दाबत. कड चिरली नाही तर कोमट पाण्यावर भागवत. चिरली तर काही न बोलता चुलीवर आधण ठेवत. हीच परीक्षा आपणही घ्यावी. पीठ विरी गेलेले असेल तर एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी खळखळ उकळवून, पिठात आळे करून त्यात ओतावे, उलथन्याने कालवावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. उकळत्या पाण्याने पिष्ट फुलून चिकट होते आणि गेलेली विरी बऱ्याच अंशी भरून निघते. त्यानंतर हाताला सोसेल इतपत गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. सगळे पीठ एकदम मळून ठेवू नये. एका भाकरीपुरता उंडा घ्यावा, मळावा, थापावा, तव्यावर टाकावा आणि मग पुढचा घ्यावा. आपली भाकरी चिरण्याचे दुसरे कारण हेच असावे असा माझा तर्क आहे, कारण मळून पडलेला उंडा दहा मिनिटांत सुकतो.

फुगण्याचे गमक पाण्याच्या हातात आहे. थापताना पिठी लागलेली बाजू तव्यावर वर ठेवून तिच्यावर लगेच पाणी फिरवावे, आणि ते पुरते सुकण्यापूर्वी, म्हणजे कडा अजून ओलसर असतानाच, भाकरी उलटावी. पाणी आटू दिले की पृष्ठभागाला भेगा पडतात, वाफ तेथून निसटते आणि पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला सारून भाकरी थेट आचेवर धरावी.

शक्य असेल तर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निवडून, आठ-दहा दिवसांना पुरेल एवढाच दळून आणावा. दळलेले पीठ गिरणीतून गरम येते. ते गार झाल्यावरच डब्याचे झाकण लावावे. आपल्याकडे रब्बीत पिकणारी मालदांडी ही या कामाला उत्तम. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही शेतकऱ्यांच्या आवडीची आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. खरिपातल्या ज्वारीचे कणीस पावसात सापडून दाणा काळा पडण्याची भीती असते. रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलाव्यावर आणि थंडीवर पोसते, म्हणून तिचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा आणि गोडसर होतो. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी खुली केल्याची कथा मंगळवेढ्याचीच आहे, आणि त्या कोठारांत काय भरलेले असेल हे तेथील शिवारावरून एकदा नजर फिरवली की समजते.

वडील गिरणीत कामाला होते. रात्रपाळीहून आले की आई त्यांना हुलग्याचे शेंगोळे वाढीत असे. आता आई नाही, आणि मी केले की शेंगोळे रश्श्यात विरघळतात.

आपले पत्र दोनदा वाचले. माझेही पहिले शेंगोळे असेच विरघळले होते आणि घरच्यांनी ते हुलग्याचे पिठले समजून मुकाट्याने खाल्ले, तेव्हा संकोच नसावा.

दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ मिसळावे. नुसत्या हुलग्याचे पीठ सुटते. लसूण, जिरे, ओवा, तिखट व मीठ वाटून त्यात घालावे आणि पाणी अगदी बेताने घेत पुरीच्या कणकेहून घट्ट मळावे. हाताला तेल लावून करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या कराव्यात आणि त्यांची दोन टोके जुळवून कडी करावी किंवा त्या तशाच ठेवाव्यात. भरपूर लसणाची फोडणी करून त्यात सात-आठ वाट्या पाणी, तिखट, मीठ घालावे. पाणी खळखळ उकळत असतानाच शेंगोळे एकेक करून सोडावेत. आपली चूक बहुधा येथे होत असावी : पाणी नुसते गरम असताना ते सोडले की वरचा थर शिजून घट्ट होण्याआधीच सुटू लागतो. सोडल्यावर पाच-सात मिनिटे डाव घालू नये. पुढे मध्यम आचेवर झाकण अर्धवट ठेवून वीस-पंचवीस मिनिटे शिजवावेत. एक मोडून पाहावा, आत कोरडे पीठ दिसता कामा नये. मळलेल्या परातीला लागलेले पीठ पाण्यात कालवून शेवटी रश्श्यात ओतले की तो हवा तसा दाट होतो. वडिलांना आई ते ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढीत होती की नुसतेच वाटीत, हे आपण लिहिलेले नाही. आमच्याकडे वाटीत, वर कच्च्या तेलाची धार सोडून खातात.

संक्रांतीला केलेली शेंगा पोळी तव्यावर फुटते आणि गूळ जळतो. (अक्कलकोट)

सारण आणि कणीक यांचा घट्टपणा सारखा नसला की पोळी फुटते. सारण कडक राहिले तर ते लाटताना पुढे सरकत नाही आणि कणकेला भोक पाडते. चिक्कीचा गूळ वापरत असाल तर तो बदलून साधा मऊ गूळ घ्यावा. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या दोन वाट्या बारीक कुटाला दीड वाटी किसलेला गूळ, थोडे भाजलेल्या तिळाचे कूट व वेलदोडा घालून इतके मळावे की कुटाचे तेल सुटून सारणाचा मऊ गोळा वळता येईल. कणकेत कडकडीत तेलाचे मोहन असावे. सारण कडेपर्यंत पोचेल असे लाटावे, आणि गूळ गळलाच तर प्रत्येक पोळीनंतर तवा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, अन्यथा पुढची पोळी जळक्या गुळाला चिकटून हमखास फाटते. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे येण्याआधी चार दिवस या पोळ्या करून ठेवाव्यात, त्या मुरून अधिक चांगल्या लागतात.

कटाची आमटी आणि येळवणीची आमटी यांत फरक काय?

नावाचा. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे वरचे पाणी हेच दोन्हींचे मूळ आहे. ते पाणी पातळ वाटले तर शिजलेली डाळ मूठभर घोटून घालावी, बेसन लावू नये.

मुलगा शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात असतो. त्याच्यासोबत कडक भाकरी द्यायची आहे. बाजारातून न आणता घरी करता येईल काय, आणि ती किती दिवस टिकते? (मोहोळ)

करता येते, मात्र सवड हवी. पीठ वर सांगितल्याप्रमाणे आधणात भिजवावे, चवीपुरते मीठ आणि आवडत असल्यास तीळ घालावेत, आणि भाकरी नेहमीच्या निम्म्या जाडीची थापावी. ही भाकरी फुगू द्यायची नसते. दोन्ही बाजू भाजून झाल्या की आच अगदी मंद करून, सुती फडक्याच्या बोळ्याने ती तव्यावर सर्व बाजूंनी दाबत, फिरवत राहावे. एका भाकरीला सात-आठ मिनिटे सहज लागतात. मधला भाग मऊ राहिला तर तेथूनच बुरशी धरते, म्हणून उतरवल्यावर ती उभी टेकवून ठेवावी आणि पूर्ण गार झाल्यावर मधोमध मोडून पाहावी. कट्कन आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर पुन्हा तव्यावर टाकावी. अशी भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात तीन आठवडे आरामात राहते. डबा भरताना भाकऱ्यांच्या मध्ये कोरडे सुती कापड घालावे आणि चटणीची बरणी निराळी द्यावी, कारण तेल लागलेली भाकरी लवकर खवट होते. वसतिगृहात दही मिळत असेल, तर भाकरी चुरून त्यात दहा मिनिटे भिजू द्यावी आणि वर चटणी घालावी, एवढे मुलास सांगून ठेवावे.