सिझर, अँटिबायोटिक आणि पोराच्या शिंका, दोष आईचा का?

पाऊस ओसरला आणि पुण्यात मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुललं की माझ्याकडे आहार सल्ल्याला येणाऱ्यांत शिंकावाले वाढतात, आणि हल्ली बरेच जण रील्स बघून आधीच ठरवून येतात की हे सगळं पोटातल्या बॅक्टेरियांमुळेच आहे.

अशाच एक आई आल्या (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). मुलगा नऊ वर्षांचा, दर वर्षी गणपती उठले की सकाळी शिंकांची माळ, नाक गळतंय, डोळे चोळून चोळून लाल. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिलेला, तो स्टेरॉइडचा आहे कळल्यावर यांनी चार दिवसांत बंद केला. त्याऐवजी दूध बंद, गहू बंद, महागडी प्रोबायोटिक (म्हणजे पोटाला चांगल्या बॅक्टेरियांची) कॅप्सूल चालू आणि शिवाय ऑनलाइन मागवलेल्या शी तपासणीचा रंगीत रिपोर्ट. म्हणाल्या, "मॅडम, हा सिझरचा, मला दूध कमी होतं, लहानपणी अँटिबायोटिक तर किती झाले हिशोब नाही. सासूबाई म्हणतात तूच पोराचं पोट बिघडवलंस. खरंय का हो?"

रिपोर्टआधी मी या प्रश्नाकडे वळले, कारण खरी अडचण तिथे होती.

पोटातल्या बॅक्टेरियांचा आणि ॲलर्जीचा संबंध आहे, तो मी नाकारला नाही. आपण खातो त्या चोथ्यावर आतड्यातले काही बॅक्टेरिया जगतात आणि ब्युटिरेटसारखी द्रव्यं तयार करतात, ती प्रतिकारशक्तीला शांत ठेवणाऱ्या पेशींना मदत करतात. अमेरिकेत 2016 साली मोठ्या माणसांच्या शी तपासण्यांचा अभ्यास आला, त्यात परागकणांची ॲलर्जी असलेल्यांच्या आतड्यात बॅक्टेरियांची विविधता कमी दिसली. पण आधी काय झालं, ॲलर्जी की हा बदल, ते अशा अभ्यासातून कळत नाही. आणि सिझर, अँटिबायोटिक यांचा ॲलर्जीशी संबंध हजारो मुलं एकत्र मोजली की थोडासा दिसतो, त्यावरून एका मुलाकडे बोट दाखवून हे यामुळेच झालं असं कुणीही सांगू शकत नाही, सासूबाई तर नाहीच नाही. मग मी विचारलं, घरात अजून कुणाला? तर बाबांना लहानपणापासून सर्दी, आत्याला दमा! हे त्या सांगायच्याच विसरल्या होत्या. ॲलर्जीत घराण्याचा वाटा मोठा असतो. आणि सिझर तरी हौसेने केलं होतं का, बाळाचे ठोके कमी झाले म्हणून केलं, हे त्यांनीच सांगितलं आणि मग बराच वेळ रडल्या.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर 2017 मध्ये फ्लोरिडात 173 जणांवर चाचणी झाली, ठरावीक तीन जातींचे बॅक्टेरिया आठ आठवडे दिले. नाकडोळ्यांचा रोजचा त्रास थोडा सुसह्य झाला पण रक्तातलं आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड, काही बदललं नाही. ती सगळी मोठी माणसं होती, त्रासही फार नसलेली, आणि यांच्या कॅप्सूलमधले बॅक्टेरिया वेगळेच. त्या रंगीत रिपोर्टवरून तर ॲलर्जीचं निदानही होत नाही आणि उपचारही ठरत नाहीत, माझ्या मते ते पैसे वायाच.

वाढत्या पोराचं दूध-पोळी विनाकारण तोडणं मला जास्त खटकलं, ती खाऊन त्याला कधी काही झालं नव्हतं, म्हणून दोन्ही लगेच सुरू करायला सांगितलं. जोडीला ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, ताक, पोटासाठी हे चांगलंच आहे, पण यानं शिंका थांबतील असं वचन मी दिलं नाही. स्प्रेचं भय डॉक्टरांशी बोलून काढलं, त्याचा डोस कमी असतो, रक्तात फार थोडा जातो, वाढ नीट होतेय ना हे बघायला डॉक्टर उंचीवर लक्ष ठेवतात. परिणाम पूर्ण दिसायला एकदोन आठवडे लागू शकतात, चार दिवसांत काय कळणार! मारायची पद्धतही चुकत होती, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेला हवी. रात्री खोकला किंवा छातीत घरघर वाटली तर थांबू नका, लगेच दाखवा, हेही बजावलं.

जाताना विचारलं, कॅप्सूलचा अर्धा डबा उरलाय, काय करू? म्हटलं, डॉक्टरांची हरकत नसेल तर संपवा, पैसे तर गेलेच आहेत, पण स्प्रे चुकवू नका आणि नवा डबा आणू नका.