सलाहुद्दीनचं कूळ: रवादी कुर्द मूळचे कुठले?

सलाहुद्दीनचं कूळ कुठलं, या तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न दडलेत. बाराव्या शतकातला इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी, म्हणजे युरोपी पुस्तकांतला सलादिन, कुर्द होता की अरब हा एक. आणि त्याची म्हणून सांगतात ती रवादी टोळी मूळची कुठली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: कुर्द. दुसऱ्याच्या उत्तराने मात्र कट्टर कुर्द आणि कट्टर अरब दोघांचीही थोडी पंचाईत होते.

आधी साक्षीदार बघा. मोसुलचा इतिहासकार इब्न अल-असीर हा मोसुलवर राज्य करणाऱ्या झंगी घराण्याच्या बाजूचा. सलाहुद्दीनने त्याच घराण्याचा मुलूख घेतला, त्यामुळे त्याच्याबद्दल गोड लिहायची इब्न अल-असीरला काही गरज नव्हती. तरीही तो लिहितो की हे लोक द्वीन गावचे, रवादी कुर्द, आणि रवादी म्हणजे कुर्दांमधले सर्वांत खानदानी. दुसरा साक्षीदार इब्न खल्लिकान. तो १२११ साली आजच्या इराकमधल्या अर्बिलमध्ये जन्मला, म्हणजे कुर्दांच्या शेजारातच वाढलेला. तो सांगतो की रवादी ही हदबानी या मोठ्या टोळीची शाखा, आणि सलाहुद्दीनचा बाप अय्यूब द्वीनच्या वेशीजवळच्या एका खेड्यात जन्मला. त्या गावात सगळी वस्ती रवादी कुर्दांची.

हे द्वीन आजच्या आर्मेनियात येतं, येरेवानच्या दक्षिणेला. आता नुसते अवशेष उरलेत. तेव्हा ते भरभराटीचं शहर होतं, आर्मेनियन ख्रिस्ती आणि मुसलमान अशी मिश्र वस्ती असलेलं. ९५१ च्या सुमारास मुहम्मद इब्न शद्दाद या कुर्द सरदाराने ते घेतलं, आणि त्याच्या वंशजांनी पुढे गंजा आणि आनी या शहरांवरही राज्य केलं. तेव्हा ‘टोळी’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे काळे तंबू आणि मेंढ्यांचे कळप इथे थोडे बाजूला ठेवा. हदबानींमध्ये तसे लोक होतेच. उर्मिया सरोवराकडची कुरणं आणि अर्बिल-मोसुलकडचा सखल मुलूख हा त्यांचा वावर. पण सलाहुद्दीनचा आजा शाधी हा शहरात ओळखीपाळखी असलेला माणूस होता. ११३० च्या सुमारास द्वीन तुर्की सरदारांच्या हाती गेलं. शाधीचा द्वीनमधला जुना मित्र बिहरूझ तोवर सेल्जुक तुर्क सुलतानांच्या चाकरीत बगदादमध्ये मोठ्या हुद्द्यावर पोचला होता. त्याने तैग्रिस नदीकाठच्या तिक्रितचा किल्ला या कुटुंबाकडे दिला. ११३२ मध्ये हरून पळत आलेल्या मोसुलच्या झंगीला अय्यूबने तैग्रिस ओलांडायला मदत केली, आणि पुढे तिक्रित सोडावं लागलं तेव्हा हाच उपकार कामी आला: झंगीने त्यांना आसरा दिला. त्याच सुमारास, ११३७-३८ मध्ये, सलाहुद्दीनचा जन्म झाला.

आता अरब असल्याचा दावा. राज्य मिळालं की वंशावळ जुळवून देणारे भाट सगळीकडेच मिळतात. सलाहुद्दीनचा येमेनमधला पुतण्या अल-मुइझ्झ इस्माईल याने आपण उमय्या या जुन्या अरब खलिफांच्या वंशातले असल्याचं जाहीर केलं आणि थेट खलिफापदावर हक्क सांगितला. खुद्द त्याचा चुलता अल-आदिल यानेच ते धुडकावून लावलं. इब्न खल्लिकानची पद्धत मला फार आवडते: त्याने अय्यूब आणि त्याचा भाऊ शिरकूह यांच्या नावचे वक्फांचे आणि मिळकतींचे कागद तपासले. सगळीकडे ‘शाधीचा मुलगा’ एवढंच. त्याच्या वर एकही नाव नाही! म्हणजे शाधीच्या पलीकडे लांबलचक यादी दिसली, की ती नंतर जोडलेली समजायची.

पण अरबांचा धागा अगदीच खोटा नाही, फक्त तो दुसरीकडे आहे. आठव्या शतकात अब्बासी खलिफांच्या काळात रव्वाद नावाचा अझ्द टोळीतला अरब सरदार आजच्या इराणमधल्या तब्रिझ भागात येऊन बसला. त्याचे वंशज तिथल्या कुर्दांत लग्नं करत, राहत, दहाव्या शतकापर्यंत कुर्दच होऊन गेले. मुहम्मदचं ‘मम्लान’ आणि अहमदचं ‘अहमदील’ झालं ते याच घराण्यात. हदबानींशी त्यांची सोयरीक होती. १०२९ मध्ये ओघुझ तुर्कांनी तब्रिझजवळचं मरागा शहर लुटून हदबानींची कत्तल केली, तेव्हा याच घराण्यातला तब्रिझचा राजा वह्सूदान आणि त्याचा भाचा, हदबानींचा प्रमुख अबुल-हैजा, मिळून त्यांच्याशी लढले. टोळीच्या शाखेला ‘रवादी’ नाव या राज्यकर्त्या घराण्यावरून पडलं असावं, हे मत मला पटतं. मात्र त्यावरून शाधीच्या अंगात अरब रक्त होतं असं सिद्ध होत नाही. सरदाराचं नाव त्याच्या मागच्या सगळ्या माणसांना लागतं.

नावांवरून वंश ठरवणाऱ्यांना एकच सांगतो: सलाहुद्दीनच्या भावांची नावं तूरानशाह, शाहनशाह, तुगतकीन आणि बूरी अशी आहेत. पहिली दोन फारसी, पुढची दोन तुर्की.

टोळी खरी उपयोगी पडायची ती फौजेत. मार्च ११६९ मध्ये शिरकूह इजिप्तमध्ये वारला. त्याच्या जागेसाठी सलाहुद्दीनसोबत जे सरदार पुढे आले त्यांत कुतुबुद्दीन खुसरो हा हदबानीच होता, म्हणजे टोळी एक असूनही प्रतिस्पर्धी. त्याची समजूत काढली ती हक्कारी टोळीतल्या ईसा या फकीहाने, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडिताने. सलाहुद्दीन आणि तू दोघंही कुर्द, सत्ता तुर्कांकडे जाऊ द्यायची का, असा त्याचा मुद्दा होता. ऐनुद्दौला यारूकी हा तुर्क सरदार मात्र ऐकेना. तो चिडून सीरियाला परत गेला. पुढे क्रुसेडरांनी अक्का शहराला घातलेल्या वेढ्यात शहराच्या आतल्या फौजेचा एक प्रमुख होता तोही हदबानी: अबुल-हैजा (आधीचा नव्हे), टोपणनाव ‘लठ्ठ’.

शेवटी तिक्रितबद्दल. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन त्याच भागातला, आणि त्याने सलाहुद्दीनला अरब वीर म्हणून मिरवलं. त्याच राजवटीने १९८८ मध्ये अन्फाल मोहिमेत कुर्दांची गावंच्या गावं उद्ध्वस्त केली. त्या प्रांताला आजही सलाहुद्दीनचं नाव आहे आणि कुर्दांच्या अर्बिलमधल्या विद्यापीठालाही. हदबानी हे नाव मात्र मंगोल स्वाऱ्यांनंतर कागदपत्रांत विरळ होत जातं. माणसं नाहीशी झाली नाहीत. नव्या सरदारांच्या मागे गेली आणि त्यांची नावं लावू लागली.