तीन गावांनी मिळून एकच सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधावं की ज्याचं त्यानं वेगळं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरला लागून असलेल्या तुमच्या तीन गावांचं सांडपाणी एकाच ओढ्यातून पंचगंगेला मिळतं, तर केंद्र एकत्र करावं की आपापलं. ग्रामसभेत म्हणे यावरून हमरीतुमरी झाली.

माझी उमेदीची वर्षं मैलापाणी उपसा केंद्रावर पंप चालवण्यात गेली. पंपात अडकलेल्या साड्या हातानं ओढून काढल्यात, म्हणून बोलतो. एकत्रच बांधा. पण बांधकामाच्या खर्चावरून भांडू नका, तो कुठल्या ना कुठल्या योजनेतून निघतो. भांडायचं तर वीजबिलावरून भांडा, आणि करारावर सह्या व्हायच्या आत भांडा.

आधी हिशोब बघा. जलजीवन या नळपाणी योजनेच्या माणशी रोजच्या 55 लिटरमधलं 80 टक्के पाणी गटारात जातं असं धरलं, तर दहा हजार वस्तीचं रोजचं सांडपाणी साडेचार लाख लिटरच्या आसपास. कोल्हापूर शहराचं कसबा बावड्याचं केंद्र रोजच्या 76 दशलक्ष लिटरचं, त्यापुढं हे घागरभर. पण घागरीलाही माणसं लागतातच: तीन पाळ्यांना तिघं आणि सुट्टीला एक. तीन गावांत तीन केंद्रं म्हणजे बारा पगार, एकत्र केलं तर चारांत भागतं. वीज नको, तलावातच पाणी साठवून सुधारू, असंही कुणीतरी सुचवेल. पद्धत चांगली आहे, पण जागा एकरांनी लागते. त्यासाठी उसाचं रान कोण सोडणार, त्याचं नाव आधी विचारा.

आता खरं दुखणं. मैलापाणी उतारानं येतं आणि उतार संपला की पंप लागतो. तो पंप नेमका खालच्या गावाच्या दारात येतो. वास त्यांना, मीटर त्यांच्या नावावर. वरचं गाव म्हणतं, आमचं पाणी आपोआप वाहतं, आम्ही बिल कशाला भरू? मी काम केलं तिथं दोन गावांत हेच झालं. थकबाकी वाढत गेली, वीज तोडली, आणि सगळा मैला ओव्हरफ्लोच्या पाइपातून ओढ्यात. वरचं गाव म्हणालं, आम्ही तर लाइनीतच सोडलंय. खोटं नव्हतंच ते!

केंद्रातही तेच. घाण खाणारे जंतू जिवंत असतात, त्यांना ब्लोअरची हवा लागते. वीज दिवसभर गेली की मरायला लागतात, आणि पुन्हा वाढवायला आठवडे जातात. चांदीकामाचं किंवा प्लेटिंगचं, म्हणजे धातूला मुलामा देण्याचं, आम्ल लाइनीत आलं तरी तीच गत. आपल्याकडं ही कामं घरातसुद्धा चालतात, त्यामुळं त्यांचं पाणी वेगळं काढायची अट करारात घालाच.

म्हणून प्रत्येक गावाची लाइन मुख्य लाइनीला मिळते तिथं मीटर बसवा. जेवढे लिटर, तेवढं बिल, पंपाचं आणि केंद्राचं मिळून, आणि तीन महिन्यांची रक्कम आगाऊ जमा. मीटरचा आणखी एक फायदा पावसाळ्यात कळतो. पागोळ्याचं पाणी गुपचूप ड्रेनेजच्या चेंबरात सोडणारे महाभाग गल्लोगल्ली असतात. आकडा एका रात्रीत दुप्पट झाला की कुठल्या गावात शोधायचं ते समजतं.

जागेचं एक. ओढ्याच्या तोंडाशी मोकळी गायरान जागा दाखवतील, ती मोकळी का राहिली ते बघा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. टाकीत पुराचं पाणी शिरलं तर गाळ काढता येतो, पण मोटार आणि पॅनेल बुडालं की केंद्र महिनाभर बंद. ते दोन्ही 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणांच्या वर चढवा, खर्च वाढला तरी.

राहिली हद्दवाढीची, म्हणजे गावं कोल्हापूर महापालिकेत ओढली जाण्याची भीती. एकत्र केंद्र म्हणजे शहराला मागचं दार उघडणं, असं तुमच्याकडचे काही जण म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. 1972 ला महानगरपालिका झाली आणि पुढं कित्येक दशकं हद्द इंचभर सरकली नाही, इतका तो विषय नाजूक. हे लोक उगाच बोलत नाहीत. त्यांना गप्प बसवू नका. केंद्राची मालकी तिन्ही ग्रामपंचायतींची, आणि तिघांच्या ग्रामसभांच्या ठरावाशिवाय चौथ्या कुणाचं पाणी घ्यायचं नाही, हे वाक्य त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि करारात पहिल्या पानावर टाका.