गाठीत ‘कॅन्सरसारख्या’ पेशी, आणि निघाला व्हायरस

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा १९ वर्षांचा, रोज तालमीत जातो. त्याला ताप आला, घसा धरला आणि मानेला दोन्हीकडं गाठी आल्या. सुई घालून तपासलं तर रिपोर्टात ‘रीड-स्टर्नबर्गसारख्या पेशी, हॉजकिन लिम्फोमाची शंका, बायॉप्सी करावी’ असं आलं. घरात कुणी दोन दिवस जेवलं नाही. मग गाठ काढून तपासली तर म्हणतात ईबी व्हायरस आहे, कॅन्सर नाही. खरं कुठलं मानायचं? आणि हेच पुढं कॅन्सर होणार नाही ना?
– एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, पहिल्या लॅबनं कॅन्सर आहे असं म्हटलेलंच नाही, शंका लिहिली आणि बायॉप्सी सांगितली, आणि तेच बरोबर होतं. कारण ईबी व्हायरसचा ताप आणि हॉजकिन लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) या दोन आजारांतल्या पेशी खरंच इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या सुईच्या तपासणीवर कुणीही छातीठोक सांगू नये.

हा ईबी व्हायरस मुळात सापडलाच कॅन्सरच्या पेशीत. १९६४ साली एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना तो बर्किट लिम्फोमाच्या पेशींमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला, तुमच्या मुलाला झालेल्या तापाशी म्हणजे मोनोन्यूक्लिओसिसशी त्याचा संबंध नंतर कळला. तो आपल्या बी पेशीत शिरतो. (बी आणि टी या आपल्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी.) एरवी बी पेशीला वाढायचं तर टी पेशीकडून इशारा मिळावा लागतो, पण हा व्हायरस एलएमपी-१ नावाचं प्रोटीन बनवतो आणि ते तोच इशारा आतूनच सतत देत राहतं. मग पेशी फुगते, केंद्रक मोठं होतं, कधी दोन होतात, आत ठळक ठिपका दिसतो. हॉजकिनची रीड-स्टर्नबर्ग पेशी अगदी अशीच, ती पण बी पेशीचीच बिघडलेली आवृत्ती, आणि कितीतरी पेशंटमध्ये तिच्यातही हाच व्हायरस असतो. सीडी-३० चा डाग (सीडी म्हणजे पेशीवरच्या ओळखखुणा, त्या खास रंग देऊन तपासतात) दोन्हीकडं पॉझिटिव्ह येतो, म्हणून त्या एकट्या डागावर निदान करणं मला धोक्याचं वाटतं.

फरक कळतो तो अख्खी गाठ बघितल्यावर. मोनोमध्ये व्हायरस असलेल्या पेशी लहान, मध्यम, मोठ्या सगळ्या आकाराच्या असतात आणि बी पेशीची ओळख, म्हणजे सीडी-२० वगैरे, बहुतेक टिकून असते. हॉजकिनमध्ये व्हायरस असलाच तर तो मुख्यतः त्या मोठ्या पेशींतच, त्यांची बी पेशीची ओळख बरीचशी पुसलेली असते, सीडी-१५ बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतो (मोनोमध्ये सहसा येत नाही) आणि गाठीची मूळ रचना मोडलेली असते. सुईतून थोड्या पेशी येतात, रचना येत नाही, सगळी अडचण तिथंच आहे.

आता पुढची भीती. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा व्हायरस आयुष्यभर गप पडून असतो, आपल्याकडं तर बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, कळतसुद्धा नाही. तरुणपणी मोनो झालेल्यांत हॉजकिनचा धोका थोडा वाढतो हे खरं, पण तो साधारण हजारात एखाद्याला, बाकीच्यांच्या टी पेशी या वाढलेल्या पेशींना आवरतात. ब्लड रिपोर्टात ‘अटिपिकल लिम्फोसाइट’ लिहिलं असेल तर त्या बहुतेक ह्याच लढणाऱ्या टी पेशी, त्याला घाबरू नका.

गाठी काही आठवड्यांत कमी व्हायला पाहिजेत. दीड महिन्यानंतरही तशाच राहिल्या, वाढल्या, वजन उतरलं किंवा रात्री कपडे भिजतील इतका घाम यायला लागला तर परत दाखवा. लॅबकडून बायॉप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड मागून घेऊन घरी जपून ठेवा, दुसरं मत घ्यायचं झालं तर त्यांच्यावरूनच घेता येतं.

आणि कुस्ती बंद म्हणजे बंद, वस्तादांना माझं नाव सांगा हवं तर. या आजारात पाणथरी (प्लीहा, स्प्लीन) सुजते, पोटावर दाब आला तर ती फुटू शकते आणि जीवावर बेततं. किमान तीन-चार आठवडे मातीत नाही आणि मॅटवरपण नाही, नंतरसुद्धा डॉक्टरांनी पोट तपासून हो म्हटल्यावरच जोड धरायची. घशासाठी घरातली उरलेली अमॉक्सिसिलिन देऊ नका, व्हायरसवर ती चालत नाही आणि या तापात तिनं अंगभर पुरळ उठू शकतं.