मेळघाटात रुजू होणाऱ्या शिक्षकास

धारणी तालुक्यात आपण प्रथमच रुजू होत आहात, म्हणून आधीच सांगतो: कोरकू आदिवासी मूल वर्गात गप्प बसते ते ‘घरी वातावरण नाही’ म्हणून, असा निष्कर्ष पहिल्याच महिन्यात काढू नका. कोरकू ही मुंडा कुळातील, म्हणजे मराठीहून वेगळ्याच कुळातील भाषा आहे. तिच्यात नामांचा भेद सजीव-निर्जीव असा होतो, मराठीसारखा तीन लिंगांचा नाही. माझ्या वर्गातील एका मुलीने पाटीवर ‘माझा आई पाणी आणला’ असे लिहिले, तेव्हा मी बिनदिक्कत फुली मारली. वस्तुतः ती घरच्या भाषेच्या वळणानेच चालली होती आणि ती चूक वाचण्यात मीच कमी पडलो होतो.

गरिबी आणि पालकांचे स्थलांतर यांचा फटका मोठा आहे, हे खरेच. मूल आई-वडिलांबरोबर कामावर जाते आणि परतते तेव्हा पुस्तक बरेच पुढे सरकलेले असते. मात्र याला ‘त्यांची संस्कृती’ म्हणणे मला पटत नाही, कारण ती रोजगाराची अडचण आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्यास सांगतो. तेव्हा निदान शंभरेक कोरकू शब्द वहीत उतरवून घ्या, तेही पालकांकडूनच, होळीला ते गावी येतात तेव्हा.